काजळीचा कौल

ड्रायव्हरकाका आता काम सोडणार आणि मोठी गाडी आपल्या हाती येणार, हे तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने ज्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. बायकोने ते आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला सांगितलं, आणि हा नवरा, म्हणजे मोतद्दाराचा साडू, दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट तबेल्यात हजर झाला.

“तू कशाला सांगितलंस तिला?” घरी आल्या आल्या मोतद्दाराने तोंड उघडलं.

“बहिणीला नाही सांगायचं, तर काय रस्त्यावरच्या माणसाला सांगायचं? आणि त्यांची बेकरी बंद पडलीय. घरी बसून आहे बिचारा.”

त्या ‘बिचारा’नेच मोतद्दाराचं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून त्याला या बिचाऱ्याचं कौतुक ऐकावं लागत होतं. धाकटीचा नवरा भाजी स्वतः निवडून आणतो. धाकटीचा नवरा बोलताना कधी आवाज चढवत नाही. धाकटीचा नवरा सासूबाईंना डॉक्टरकडे नेतो तेव्हा गाडी अशी चालवतो, की सासूबाईंना डुलकी लागते. मोतद्दाराने एकदाच सासूबाईंना गाडीतून नेलं होतं. उतरल्यावर त्या अर्धा तास कठड्याला धरून उभ्या होत्या, आणि ती गोष्ट त्या घरात कुणी अजून विसरलं नव्हतं.

आता तबेल्याविषयी सांगायला हवं. तो मालकीणबाईंचा खाजगी तबेला होता. घोडे थोडेच, पण एकेक निवडून घेतलेला. बाई त्यांना उड्यांच्या स्पर्धांना घेऊन जायच्या, आणि त्यासाठी ती मोठी गाडी होती. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे घोड्यांसाठी लाकडी पार्टिशनं घातलेले कप्पे, आणि सगळ्यात मागे खाली सोडायची रुंद फळी, जिच्यावरून घोडा चढतो. लांबून पाहिलं तर सामान हलवणाऱ्या कंपनीचा ट्रक वाटावा. पण मोतद्दार तिला रोज धुवायचा, आतलं रबर घासायचा, आणि काम झालं की हळूच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचा. स्टिअरिंगवर हात ठेवायचा. मिशीला पीळ भरत आरशात बघायचा. अवजड वाहनाचं लायसन्स त्याने गुपचूप काढून घेतलं होतं आणि ते तो शर्टाच्या खिशात, छातीशी ठेवून हिंडायचा. इतकी वर्षं घोड्यांचा खरारा केला, त्यांची लीद काढली, त्यांच्या पोटदुखीत त्यांच्याबरोबर उभा राहिला. काकांनंतर गाडी आपलीच, यात त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती. बाईंच्याही मनात नव्हती, निदान साडू येईपर्यंत.

साडू आला, त्याने बाईंना नमस्कार केला, आपण आधी मालाच्या ट्रकवर होतो आणि मग बेकरीत लग्नाचे मोठे केक पोचवायचो, असं सांगितलं.

“केक?” बाईंनी विचारलं.

“हो बाई. चार मजली, पाच मजली. एक ब्रेक जोरात लागला की वरचा मजला खाली. मग नवरी रडते, नवरीची आई शिव्या घालते.”

बाई हसल्या. ड्रायव्हरकाकाही हसले, आणि ड्रायव्हरकाका सहसा हसत नसत. तिथून साडूचं नाव केकवाला पडलं. हे नाव मोतद्दारानेच पाडलं, त्याला कमी लेखायला म्हणून. पण सगळे ते इतक्या लाडाने घ्यायला लागले, की मोतद्दाराला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

बाई म्हणाल्या, दोघंही शिका. काका निवडतील तो ठेवू.

“मी नाही निवडणार,” काका म्हणाले. “मी माणसं ओळखायला कच्चा आहे. काजळी निवडेल.”

काजळी ही तबेल्यातली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात संशयी घोडी. बाईंकडे येण्याआधी कुणीतरी तिला गाडीतून वाईट हाकत नेलं होतं. आली तेव्हा फळी दिसली तरी तिचे पाय थरथरायचे. दोर ओढून बघितले, दाण्याची बादली पुढे धरून बघितली, सगळ्यांनी हात टेकले. मोतद्दाराने हात टेकले नाहीत. तो रोज दुपारी फळी खाली सोडायचा आणि तिच्या शेजारी नुसता उभा राहायचा. ओढायचं नाही, चुचकारायचं नाही. कधीतरी तिने एक खूर फळीवर ठेवला. कधीतरी दोन. पुढे पुढे तर मोतद्दार नुसता फळीवर चालू लागला, की मागे दोर ढिला सोडून काजळी आपली आपण चढायची. तबेल्यात नवीन कुणी आलं की त्याला हे दृश्य मुद्दाम दाखवायचे. मोतद्दाराच्या आयुष्यात लोकांनी मुद्दाम बघावं असं तेवढंच काय ते होतं.

काकांची रीत अशी होती. ज्याने गाडी चालवायची, त्याने काजळीला घेऊन बाहेरच्या रस्त्याने एक फेरी मारायची. टेकडीची वळणं, मोठा चौक, रेल्वेचं फाटक, आणि परत. त्या दिवशी निकाल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी खाली सोडायची आणि काजळीला ढिल्या दोराने समोर आणायचं. ती चढली तर ड्रायव्हर पास. अडली तर नापास.

“घोडं पोचलं म्हणजे झालं असं नाही,” काका म्हणायचे. “पोचतं हो कसंही, जाणार कुठे? उद्या परत चढेल का, ते विचारा.”

पण त्याआधी शिकणं होतं. पहिल्याच सकाळी काकांनी दोघांना मागे रिकाम्या कप्प्यात उभं केलं. “कशाला धरायचं नाही,” म्हणाले, आणि आवाराच्या आतल्या रस्त्यावर गाडी फिरवली. मागे अंधुक उजेड. समोर काय येतंय ते दिसत नाही. वळण आलं की आधी कळत नाही, अंगावर आल्यावर कळतं. मोतद्दार पहिल्या वळणाला भिंतीवर आदळला आणि दुसऱ्या वळणाला साडूच्या अंगावर. साडू पाय फाकवून उभा होता, गुडघे किंचित वाकवून, आणि डुलत होता.

“साडूभाऊ, पाय लांब लांब ठेवा,” तो म्हणाला. “मग पडत नाही.”

“मला नको शिकवूस. घोडी अशीच उभी राहते, मला माहीत आहे.”

माहीत त्याला खरंच होतं. कुठला घोडा कसा तोल सांभाळतो, हे त्याच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. काजळी तर इतर घोड्यांपेक्षा जास्तच पाय पसरायची. म्हणून तिच्या कप्प्याचं पार्टिशन अडकवायची खीळ बाकीच्यांसारखी आतल्या भोकात न लावता बाहेरच्या भोकात लावायची असे, म्हणजे तिचा कप्पा थोडा रुंद व्हायचा. ही गोष्ट मोतद्दाराची होती. घोडे चढवणं, बांधणं, खीळ लावणं हे काम इतकं त्याचं होतं, की त्यात कुणी लक्षही घालत नसे.

मग गाडी हातात आली आणि मोतद्दाराच्या सगळ्या स्वप्नांवर पाणी पडलं.

रिकामी गाडी तो बरी चालवायचा. पण मागे घोडा असला, की त्याचा जीव मागे. केबिनच्या पाठीमागच्या छोट्या खिडकीतून आवाज यायचा, आणि तो एकेक आवाज त्याला ओळखू यायचा. हा फुरफुरण्याचा, हा शेपूट भिंतीला घासण्याचा. खूर आपटल्याचा आवाज आला रे आला, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ब्रेक लागला की घोडी पुढे ढकलली जायची आणि पुन्हा खूर आपटायची. तो पुन्हा ब्रेक मारायचा.

“अरे बाबा,” काका कपाळाला हात लावून म्हणाले, “ती तुझ्यामुळे आपटतेय आणि तू तिच्यामुळे दाबतोयस. दोघांतलं एक कुणीतरी थांबा.”

“तिला काही झालं असेल तर?”

“काही झालेलं नाही. उभी आहे ती. तू रस्त्याकडे बघ.”

बघायचं कसं? ज्या कानांच्या जिवावर त्याने नाव कमावलं, तेच कान आता मुळावर आले होते. आणि तो केकवाला! त्याला घोड्याचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे एवढंच कळत होतं. काजळी फुरफुरली काय, खिंकाळली काय, त्याच्या लेखी सगळं सारखंच. तो चौकाच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, गाडी आपली आपण मंदावू द्यायचा, वळण असं घ्यायचा की मागे वळण आहे हेसुद्धा कळू नये. काका त्याच्या शेजारी डोळे मिटून बसायला लागले. काकांनी मोतद्दाराशेजारी कधी पापणीसुद्धा लववली नव्हती.

मोतद्दार जळत होता. दुसरा शब्दच नाही. साडूची इस्त्री त्याला डोळ्यांत खुपायची, साडूची शिट्टी कानांत खुपायची. एकदा काजळीने साडूच्या खिशाला नाक लावलं. खिशात काही नव्हतं, नुसतं हुंगून बघितलं तिने. साडू लहान पोरासारखा हरखला, “अरे बघितलं का, हिने मला ओळखलं!” तेवढ्यावर मोतद्दाराने त्या दिवशी काजळीचा खरारा केला, पण नेहमीप्रमाणे तिच्याशी बोलला नाही. घोडीवर रुसलेला माणूस कुणी पाहिला नसेल, तर त्याने तो तेव्हा पाहायचा होता.

त्यात धाकटीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. बायको नटूनथटून तयार. जेवताना धाकटी म्हणाली, “भाऊजी, तुम्ही होतात म्हणून यांना तिथे उभं तरी केलं. हे घरी तुमचंच नाव घेतात. साडूभाऊंना घोडी कशी कळते, म्हणतात, मला जन्मात जमणार नाही.”

साडू मान डोलवत म्हणाला, “खरंच. मी नुसता चालवतो. जादू तर यांच्याकडे आहे.”

आता या बोलण्यावर कुणीही खूश झालं असतं. मोतद्दाराला ते भीक घातल्यासारखं वाटलं. मग बायकोने विचारलं, ब्रेक लागला तरी केक कसा पडत नाही हो, आणि साडूने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ताटात ठेवला, ताट उचललं आणि टेबलाभोवती एक चक्कर मारून दाखवली. थेंब सांडला नाही. दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. मोतद्दार तोंडातला घास चघळत बसला.

परतताना बायको म्हणाली, “तुम्हाला काय झालं? मिळेल की कुणाला तरी. घरातच राहील.”

“माझ्या घरात की तुझ्या बहिणीच्या?”

“ऐका, त्याला सगळं मिळालं तरी तुमचं काही कमी होत नाही.”

“होतं,” मोतद्दार म्हणाला.

परीक्षेची पहिली फेरी त्याची होती. त्याने ती दात आवळून पार पाडली. कान बंद करायचा प्रयत्न केला. टेकडीवर दोनदा आणि फाटकापाशी एकदा त्याचा पाय ब्रेकवर गेलाच. काजळी उतरली तेव्हा तिची मान घामेजली होती.

दुसऱ्या सकाळी फळी खाली सोडली. मोतद्दार दोर ढिला धरून वर चालू लागला. मागे टापा वाजल्या नाहीत. त्याने वळून बघितलं. काजळी फळीच्या तोंडाशी थांबली होती, फळी हुंगत होती. मग तिने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एकेक पाय टाकत वर आली.

“चढली,” काका म्हणाले. “पण विचार करून चढली.”

मोतद्दाराला समजायचं ते समजलं. काजळी गाडीवर विश्वास ठेवून चढली नव्हती, त्याच्यावर ठेवून चढली होती. हे त्याला कळलं आणि त्याची छाती भरून आली, पण ते टिकलं नाही. कारण घोडी आता आतच होती आणि दुसरी फेरी साडूची होती. बाहेर साडू आणि काका कसल्यातरी गोष्टीवर खदाखदा हसत होते. आपल्यावरच हसताहेत, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे साडू काकांना एका नवरीची आणि कोसळलेल्या केकची गोष्ट सांगत होता.

मोतद्दाराने पार्टिशन ओढून घेतलं. खीळ हातात होती. बाहेरचं भोक समोर होतं.

त्याने खीळ आतल्या भोकात घातली.

बाकीच्या घोड्यांना इथेच तर लावतात, असं तो मनाशी म्हणाला. चूक अशी नाहीच ती. आणि बघू तरी, या शहाण्याच्या गाडीत हिला पाय पसरायची गरज पडते की नाही. काजळीने अंग हलवून बघितलं. पार्टिशन तिच्या कुशीला लागलं. तिने मान वळवून मोतद्दाराच्या हाताकडे बघितलं. तो खाली उतरला आणि फळी वर घेतली.

केबिनमध्ये काका मधे, मोतद्दार खिडकीपाशी. साडूने गाडी हलवली ती इतकी अलगद, की आवाराच्या दाराबाहेर आल्यावरच ती चालते आहे हे कळलं. सरळ रस्त्यावर सगळं शांत होतं. टेकडीच्या पहिल्या वळणाला मागून खुरांची खरवड ऐकू आली.

“वळण तर बरोबर घेतलंस,” काका म्हणाले. “आज काय झालंय हिला?”

साडूने वेग आणखी कमी केला. दुसऱ्या वळणाला पुन्हा खरवड, आता जोरात, आणि पार्टिशनवर अंग आदळल्याचा आवाज. मोतद्दाराला मागे न बघता दिसत होतं. घोडी पाय पसरायला जाते आहे, जागा नाही, घसरते आहे, सावरते आहे. थांबव, हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. साडूच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिलेले त्याने बघितले, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला काखेत ओल आलेली बघितली, आणि त्याला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. तो शब्द त्याने गिळून टाकला.

तिसऱ्या वळणाला धाडकन आवाज झाला. साडूने तरीही ब्रेक दाबला नाही. गाडी हळूहळू कडेला घेतली आणि उभी केली. मोतद्दार सगळ्यांच्या आधी उतरून बाजूच्या छोट्या दाराने आत शिरला. काजळी उभी होती, पण थरथरत होती. अंगावर फेस आला होता आणि मागच्या पायाच्या सांध्यापाशी कातडी सोलवटली होती. मोतद्दाराने आधी काय केलं? आधी खीळ काढून बाहेरच्या भोकात घातली. मग जखमेकडे बघितलं.

“माझंच चुकलं,” साडू बाहेर उभा राहून म्हणत होता. “नक्की कुठेतरी चुकलं माझं. काका, मला कळलंच नाही हो.”

जखम किरकोळ निघाली. डॉक्टरांनी मलम दिलं, बाईंनी सुस्कारा सोडला. संध्याकाळी बायको फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“धाकटी रडत होती. ते जेवत नाहीत. म्हणतात, जनावराला इजा करणारा माणूस मी नव्हे, मी उद्या बाईंना नको म्हणून सांगतो. तुम्ही तरी बोला ना त्यांच्याशी.”

“उद्या बघू,” मोतद्दार म्हणाला. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला. मग तास न् तास कूस बदलत पडला आणि जेवण अंगावर आलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या सकाळी फळी खाली सोडली तेव्हा साडू आला होता, पण इस्त्री नव्हती आणि शिट्टी नव्हती. आज काजळी अडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रीत ती रीत. मोतद्दाराने तिच्या म्होरकीला दोर लावायला हात पुढे केला.

काजळीने मान मागे घेतली.

“ए, चल,” तो म्हणाला. तिने कान मागे पाडले. कसाबसा दोर लावून तो तिला फळीपाशी घेऊन आला आणि वर चालू लागला. दोर ताणला. त्याने वळून बघितलं, तर ती चारी पाय रोवून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. तो दोन पावलं खाली आला, तर ती दोन पावलं मागे गेली. त्याने मानेवरून हात फिरवायला हात उचलला आणि तिने डोकं असं फिरवलं, की त्याचा हात हवेतच राहिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“गाडीला भ्यायलीय,” बाई म्हणाल्या.

काका पुढे आले. ते काजळीकडे बघत होते. मग साडूला म्हणाले, “तू धर बघू दोर.”

“मी? मला नाही येत काका. आणि माझ्यामुळेच तर…”

“धर.”

साडूने दोर हातात घेतला. पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने काहीच केलं नाही. तो फळीपाशी मान खाली घालून उभा राहिला, अपराध्यासारखा. बराच वेळ गेला. मग काजळीने एक खूर फळीवर ठेवला. मग दुसरा. साडू घाबरून मागे सरकत सरकत वर गेला आणि त्याच्या मागोमाग ती आत शिरली. दोर ढिलाच होता.

मोतद्दार ते बघत होता. त्याने जे कितीतरी दुपारी उभं राहून कमावलं होतं, ते तो केकवाला न मागता घेऊन वर गेला. स्टिअरिंग गेलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं.

“मोतद्दार, खीळ लाव,” काका म्हणाले.

तो वर गेला. पार्टिशनला हात लावला मात्र, काजळी दचकली. पलीकडच्या भिंतीला अंग चिकटवून उभी राहिली आणि थरथरायला लागली. त्याने हात काढला, थरथर थांबली. हात लावला, पुन्हा सुरू झाली. काका फळीवर येऊन उभे होते. त्यांनी घोडीकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं, हातातल्या खिळीकडे बघितलं.

बिचारी काजळी. केबिनमध्ये कोण बसलं होतं, ते तिला कुठून दिसणार? वळण कुणी घेतलं, ब्रेक कुणाचा, तिला काय ठाऊक? तिने एवढंच बघितलं होतं, की भिंत अंगावर आली आणि ती कुणाच्या हाताने आली.

“काल खीळ कुठल्या भोकात होती?” काकांनी हळू आवाजात विचारलं.

खाली बाई होत्या. कप्प्यात, घोडीच्या डोक्याशी, साडू दोर धरून उभा होता. काल माझंच चुकलं, असं तोच सगळ्यांना सांगत होता. मोतद्दार नुसता गप्प राहिला असता, तरी कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं.

“आतल्या,” तो म्हणाला. “मी घातली. मुद्दाम.”

साडू त्याच्याकडे बघत राहिला. आता हा शिव्या घालेल, अंगावर येईल, अशी मोतद्दाराने मनाची तयारी केली. खरं तर त्याला तेच हवं होतं.

“म्हणजे,” साडू म्हणाला, “म्हणजे माझं वळण बरोबर होतं?” आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तो हसतोय की रडतोय ते कळेना. “काका, माझं वळण बरोबर होतं!”

“बरोबर होतं,” काका म्हणाले.

मोतद्दाराला तोंड लपवायला जागा उरली नाही. माणूस रागावलाही नाही. रागवायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

बाईंनी मोतद्दाराला कामावरून काढलं नाही. काकांनी चावी साडूच्या हातात ठेवली आणि मोतद्दाराला एवढंच म्हणाले, “तुला काजळीला पहिल्यापासून शिकवायला लागणार. नवीन घोडी आलीय असं समज.” मग त्यांनी गाडी बाहेर काढायला सांगितलं. घोडी चढलीच आहे, तर बिघडलेली फेरी आजच नीट होऊ दे, उद्यावर नको.

खीळ लावायची होती. मोतद्दार फळीच्या खाली उतरून उभा राहिला.

“बाहेरच्या भोकात,” तो तिथून म्हणाला. “ते नाही, पलीकडचं. बाहेरचं. पूर्ण आत जाऊ दे. आता हलवून बघ. तिला पाय पसरायला जागा हवी, इतरांपेक्षा जास्त.”

“असं?” साडूने आतून विचारलं.

“हो. असं.”

इतकी वर्षं एकट्याची असलेली गोष्ट चार वाक्यांत दुसऱ्याची झाली.

तो केबिनमध्ये आपल्या जुन्या जागी, खिडकीपाशी बसला. टेकडी आली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. काकांनी डोळे मिटले. मोतद्दाराने कान मागे लावून ठेवले होते. एक तरी टाप यावी, एकदा तरी तिने खूर आपटावा, म्हणजे म्हणता येईल की बघ, इथे चुकलास. चौक गेला. फाटक गेलं. मागे काजळी उभी होती आणि तिचा काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. इतकी शांत ती त्याच्या गाडीत कधीच उभी राहिली नव्हती. हेवा काय असतो ते मोतद्दाराला आजवर कळलंच नव्हतं, असं त्याला त्या रस्त्यावर वाटलं.

आवारात गाडी थांबली.

“कशी झाली, साडूभाऊ?” साडूने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“चांगली,” मोतद्दार म्हणाला. शब्द बाहेर यायला वेळ लागला, पण आला.

दार उघडून तो उतरला आणि सवयीने मागच्या फळीकडे निघाला, काजळीला उतरवायला. अर्ध्या वाटेत त्याचे पाय थांबले. तो गाडीच्या कडेला सरकला आणि साडूला पुढे जाऊ दिलं.